मुडद्यांना हसलो, माणसांना घाबरलो

गेल्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी आम्ही आमच्या वस्तीतल्या वाचनालयात एक सिनेमा दाखवला. जयंतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत घेतलेला प्रोजेक्टर, भिंतीवर ताणून बांधलेली पांढरी चादर आणि खाली सतरंज्या. सिनेमा होता 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड'. १९६८ सालचा, अमेरिकेतला, कृष्णधवल, दीड तासाच्या आसपासचा. सोमवारी सकाळीच वाचनालय समितीतल्या एका ज्येष्ठांनी आम्हाला बोलावून घेतले. आम्ही त्यांना काका म्हणतो. काका म्हणाले, "बाबासाहेबांच्या फोटोखाली मुडदे माणसांची आतडी खातायत, असला घाणेरडा सिनेमा लावताना तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही रे? लोकांनी वर्गणी यासाठी दिली होती का? आणि पुढे लेकरं बसली होती, ती दिसली नाहीत तुम्हाला?"

काकांच्या बोलण्यात दोन आक्षेप आहेत. सिनेमा मुळातच दाखवण्याच्या लायकीचा नव्हता, हा पहिला. पुढे लेकरे बसली होती, हा दुसरा. दुसरा आक्षेप आम्हाला पूर्ण मान्य आहे, त्यावर शेवटी बोलू. पहिला मात्र मान्य नाही. तो का मान्य नाही हे त्या दिवशी काकांसमोर उभे राहून नीट सांगता आले नाही, म्हणून हे लिहिणे.

आधी हा सिनेमा काय आहे ते पाहू. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्ग शहरात काही तरुण मंडळी जाहिरातपट बनवून पोट भरत होती. जॉर्ज रोमेरो त्यांच्यातलेच एक. मोठा स्टुडिओ पाठीशी नाही, नावाजलेला नट नाही. मित्रांनी आणि ओळखीच्यांनी थोडे थोडे पैसे घातले आणि सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये सिनेमा उभा राहिला. पैसे घालणाऱ्यांनीच भूमिका केल्या, मेकअप केला, मुडदे म्हणून उभेही राहिले. पडद्यावरचे रक्त म्हणजे चॉकलेटचे सरबत. सिनेमा कृष्णधवल असल्यामुळे ते खपून गेले. गोष्टही साधी आहे. मेलेली माणसे उठून जिवंतांना खाऊ लागतात. एका शेतातल्या घरात सात जण अडकतात आणि एक रात्र काढायचा प्रयत्न करतात. बस्स, एवढेच.

एका मोठ्या कंपनीने तो कृष्णधवल म्हणून नाकारला. दुसरीला शेवट गोड करून हवा होता. रोमेरोंनी शेवट बदलला नाही. अखेर वितरक मिळाला, त्याने नाव बदलले आणि नाव बदलताना पहिल्या पाटीवरची कॉपीराइटची ओळ गळाली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात ती ओळ नसली की हक्क गेला. त्यामुळे हा सिनेमा सगळ्यांच्या मालकीचा झाला, म्हणूनच आमच्यासारख्यांना तो एक पैसाही न देता दाखवता आला. बनवणाऱ्यांचे मात्र नुकसान झाले. सिनेमाने कोट्यवधी डॉलर कमावले, त्यांच्या हाती त्यातला थोडाच हिस्सा आला. कष्ट एकाचे आणि गल्ला दुसऱ्याचा, हे आपल्याला नवीन सांगायला नको.

आता प्रेक्षकांकडे येऊ.

१ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्गच्या फुल्टन थिएटरमध्ये सिनेमा पहिल्यांदा लागला. अमेरिकेत वयानुसार प्रमाणपत्र देण्याची पद्धत त्यानंतर बरोबर एक महिन्याने, १ नोव्हेंबरला सुरू झाली. तोवर भुताचा सिनेमा म्हणजे शनिवार दुपारची पोरांची मजा, असाच हिशेब होता. आईबाप मुलांना थिएटरवर सोडायचे आणि आपापल्या कामाला जायचे. शिकागोचे समीक्षक रॉजर ईबर्ट अशाच एका दुपारच्या खेळाला जाऊन बसले आणि १९६९ च्या सुरुवातीला त्यांनी जो लेख लिहिला तो पुढे फार गाजला. त्यात त्यांनी सिनेमापेक्षा थिएटरात बसलेल्या पोरांवरच जास्त लिहिले आहे. सुरुवातीला पोरे मजेत किंचाळत होती, एकमेकांना घाबरवत होती. मग हळूहळू किंचाळणे थांबले. पोरांना कळले की ही नेहमीची भुताची गोष्ट नाही, यात चांगली माणसे वाचत नाहीत. शेवटी शेवटी थिएटरात जवळजवळ शांतता होती आणि जवळच्या एका रांगेत नऊएक वर्षांची एक मुलगी न हलता बसून रडत होती. ईबर्ट यांचा राग तिला तिथे आणून सोडणाऱ्या मोठ्यांवर होता. सेन्सॉरशिप हा यावरचा उपाय नाही, असेही त्यांनी त्याच लेखात बजावले. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपल्याला त्याकडे परत यायचे आहे.

अशा सिनेमाच्या प्रेक्षकांची बातमी एरवी कशी होते? २०२२ सालचे उदाहरण घ्या. 'टेरिफायर २' नावाचा एक सिनेमा आला. त्याचाही खर्च जेमतेम अडीच लाख डॉलर. त्यात एक विदूषक माणसांचे जे करतो ते लिहिण्याचीही आमची इच्छा नाही. प्रेक्षक थिएटरात बेशुद्ध पडले, उलट्या करू लागले, अशा बातम्या जगभर फिरल्या आणि सिनेमाने खर्चाच्या कितीतरी पट कमावले. ही युक्ती जुनीच आहे. १९५८ साली विल्यम कॅसल या निर्मात्याने 'मकाब्र' या आपल्या सिनेमाच्या प्रत्येक प्रेक्षकाला, तो भीतीने मेला तर हजार डॉलर, असा विमा दिला होता. म्हणजे प्रेक्षकाचे शरीर हीच जाहिरात. कोण पडला, कोण ओकला, किती जण उठून गेले, याचा हिशेब ठेवायचा आणि तोच पोस्टरवर छापायचा.

आमचे म्हणणे असे आहे की या हिशेबात सगळ्यात महत्त्वाची प्रतिक्रिया कधीच मोजली जात नाही. ती म्हणजे गप्प बसणे. ओरडणारा प्रेक्षक सिनेमाला घाबरलेला असतो. गप्प बसलेल्याला सिनेमाबाहेरचे काहीतरी आठवलेले असते. हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही, त्या शनिवारी वाचनालयात पाहिले म्हणून सांगतो.

त्या संध्याकाळी तीस-पस्तीस माणसे होती. संवाद इंग्रजीत, खाली मराठी पाट्या नाहीत. आमच्यातला एक जण पडद्याच्या बाजूला उभा राहून मधे मधे सांगत होता, आता हा असे म्हणतोय, आता ती तसे म्हणतेय. पहिल्या अर्ध्या तासात धमाल उडाली. मुडदे दोन्ही हात पुढे करून हळूहळू चालत येतात, ते पाहून मागून कुणीतरी ओरडले, "अरे, हे तर पगाराच्या दिवशीचे आमचे शेजारी!" सगळी खोली हसली. मुडदे मांस खातात तो प्रसंग आला तेव्हा आम्हीच जरा दचकलो होतो. पण सरकारी दवाखान्यात सफाईचे काम करून निवृत्त झालेल्या आमच्या एक मावशी शांतपणे म्हणाल्या, "खोटं आहे रे. खरं असं दिसत नाही." त्यांनी आयुष्यभर शवागाराची फरशी धुतली आहे. ज्या दृश्याने अमेरिकेतले समीक्षक हादरले, हा विकृतीचा कळस आहे असे ज्यावर लिहिले गेले, ते मावशींसाठी काहीच नव्हते. किळस ही सगळ्यांची सारखी नसते. ज्याच्या वाट्याला घाण कधी आलीच नाही त्याची किळस वेगळी आणि ज्याच्या हाताला पिढ्यानपिढ्या घाणच दिली गेली त्याची वेगळी. काका, तुमच्या 'घाणेरडा' या शब्दावर आमचे पहिले उत्तर मावशींचे आहे.

मग वाद सुरू झाले, तेही सिनेमा चालू असतानाच. घरात अडकलेल्यांमध्ये बेन नावाचा एक काळा माणूस आहे. ड्वेन जोन्स या नटाने ती भूमिका केली आहे. तोच सगळ्यांत शांत डोक्याचा आहे. तोच दारे-खिडक्यांना फळ्या ठोकतो, तोच निर्णय घेतो. हॅरी कूपर नावाचा गोरा गृहस्थ बायको आणि आजारी मुलीला घेऊन तळघरात लपला आहे. तो म्हणतो की तळघरच सुरक्षित आहे. बेन म्हणतो की तळघर म्हणजे सापळा आहे, बाहेर पडायला वाट नाही. आमची सगळी खोली अर्थातच बेनच्या बाजूने. कूपर तोंड उघडायचा अवकाश, पोरे हूट करायची. पण शेवटी काय होते? वरचा मजला पडतो, फळ्या तुटतात आणि बेनला जीव वाचवायला त्याच तळघरात जावे लागते. तिथेच तो रात्र काढतो. म्हणजे कूपर माणूस म्हणून कितीही कोता असला तरी तळघराबद्दल त्याचेच बरोबर निघाले. आणि त्याआधी बेनने त्याला गोळी घातलेली असते.

यावर आमच्यात जोरदार भांडण झाले. एकाचे म्हणणे, बेनचे चुकले हे कबूल करा. दुसऱ्याचे म्हणणे, कूपरने ऐन वेळी दार उघडले नाही, बेनला बाहेर मरायला सोडले, त्याचे काय? आम्हाला वाटते, हा वाद होणे हीच या सिनेमाची कमाई आहे. बेन देव नाही. चुकतो, चिडतो, हात उचलतो. आपल्या माणसाला पडद्यावर पाहायची आपल्याला इतकी भूक असते की तो दिसला की आपण त्याला लगेच चौथऱ्यावर बसवतो. या सिनेमाने बेनला चौथऱ्यावर बसवलेले नाही, माणूस म्हणून उभे केले आहे. माणूस म्हणून जगण्याचा हक्क म्हणजे बिनचूक असण्याची अट नव्हे. चुकणाऱ्यालाही जगण्याचा तेवढाच हक्क आहे.

बार्ब्रावरून मुलींनी आम्हाला चांगलेच धारेवर धरले. बार्ब्रा ही सिनेमातली पहिली व्यक्ती. भावासोबत वडिलांच्या कबरीवर येते, भाऊ डोळ्यांदेखत मारला जातो आणि ती पळत त्या घरात पोचते. त्यानंतर जवळजवळ सगळा सिनेमा ती कोचावर सुन्न बसून असते. नर्सिंगला शिकणारी आमची एक कार्यकर्ती म्हणाली, "दादा, बाईला हातपाय दिलेत की नाही या लोकांनी? आणि बेन तिला थोबाडीत मारतो, तेव्हा तुम्ही सगळे गप्प का बसलात? कूपरने मारली असती तर?" आमच्याकडे उत्तर नव्हते. ही टीका पुढे अमेरिकेतही झाली. १९९० साली याच सिनेमाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यातली बार्ब्रा हातात बंदूक घेऊन लढणारी केली. पण आमच्या कार्यकर्तीचा प्रश्न सिनेमापेक्षा आम्हालाच जास्त लागू होता. तो इथे नोंदवून ठेवतो.

आता शेवट. सकाळ होते. शेरीफ आणि त्याच्यासोबत बंदुका घेतलेली गोऱ्या माणसांची टोळी, कुत्री, वर हेलिकॉप्टर, टीव्हीचा वार्ताहर. उघड्या माळावरून ही माणसे गप्पा मारत, सहलीला निघाल्यासारखी, मुडदे टिपत येतात. आवाज ऐकून बेन तळघरातून वर येतो, सावधपणे खिडकीतून पाहतो. तो जिवंत आहे, रात्रभर लढून वाचला आहे. बाहेरून कुणी विचारत नाही, हाक मारत नाही. नेम धरून एक गोळी डोक्यात घालतात. शेरीफ शाबासकी देतो आणि आगीत टाकायला आणखी एक, अशा अर्थाचे काहीतरी बोलून मोकळा होतो. त्यानंतर सिनेमा हलायचा थांबतो. वर्तमानपत्रातल्या फोटोंसारखी खरबरीत छायाचित्रे एकामागून एक येतात. मांसाचे आकडे घेतलेली माणसे, त्यांच्या पायाशी बेनचे प्रेत, लाकडांचा ढीग, आग.

आमच्या खोलीत या वेळी एक आवाज नव्हता. मुडद्यांना हसणारी, कूपरला हूट करणारी तीच खोली. शवागार धुतलेल्या मावशींनी पदर तोंडाला लावला होता. दिवा लावला तरी मिनिटभर कुणी उठले नाही. मग मागे बसलेले एक निवृत्त गुरुजी हळूच एकच शब्द बोलले. म्हणाले, "खैरलांजी."

इथे कुणी म्हणेल, झाले, तुम्हाला सगळीकडे तेच दिसते. भुताच्या सिनेमातही तुम्ही जात शोधता. हा आक्षेप आम्ही इतक्यांदा ऐकला आहे की त्याचा राग येणेही बंद झाले आहे. तरी नीट उत्तर देऊ, कारण या सिनेमाच्या बाबतीत हा आक्षेप खुद्द दिग्दर्शकाच्या तोंडून पुढे करता येतो. रोमेरो २०१७ साली वारले. ते शेवटपर्यंत सांगत राहिले की ड्वेन जोन्सला घेतले ते चाचणीत तोच सगळ्यांत चांगला ठरला म्हणून. बेन काळा आहे असे पटकथेत नव्हते. सिनेमात एकही पात्र त्याच्या रंगाबद्दल एक शब्द बोलत नाही. मग हा वंशद्वेषावरचा सिनेमा कसा?

आमचे उत्तर असे. एक, लेखक-दिग्दर्शकाच्या मनात काय होते एवढ्यावर कलाकृतीचा अर्थ संपत नाही. प्रेक्षक थिएटरात कोरी पाटी घेऊन येत नाही. अमेरिकेत काळ्या माणसांना झाडाला टांगून मारले गेले, जाळले गेले. त्या प्रेतांभोवती हसत उभ्या राहिलेल्या गर्दीचे फोटो काढले गेले आणि त्यांची पोस्टकार्डे करून नातेवाइकांना धाडली गेली. हा इतिहास आहे. ज्यांच्या घरात ही आठवण आहे त्यांनी शेवटचे ते खरबरीत फोटो पाहिले तर त्यांना दुसरे काय दिसणार?

दोन, काळ. रोमेरोंनीच पुढे अनेकदा सांगितले की सिनेमाची तयार प्रत गाडीत टाकून ते न्यूयॉर्कला निघाले होते आणि वाटेत रेडिओवर बातमी लागली, मार्टिन लूथर किंग यांचा खून झाला. तारीख होती ४ एप्रिल १९६८. सिनेमा त्याआधी बनला होता, पण लोकांनी तो त्यानंतर पाहिला. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत किंग होते.

तीन, जोन्स. लोक त्यांना विसरतात. ते नट तर होतेच, शिकवणारेही होते. मूळ पटकथेतला बेन हा रांगड्या बोलीचा ट्रकवाला होता. जोन्स यांनी ते संवाद स्वतःच्या सुशिक्षित भाषेत आणले. गोऱ्या बाईला काळ्या माणसाने मारणे याचा १९६०च्या दशकात काय अर्थ लावला जाईल, याची काळजी सेटवर त्यांना होती. म्हणजे गोऱ्या मंडळींना रंग 'दिसत नव्हता', पण ज्याच्या अंगावर तो रंग होता त्याला प्रत्येक क्षणी दिसत होता. 'आम्ही जात मानत नाही' असे सहज म्हणता येणे ही सोय कुणाला असते, हे वेगळे सांगायला हवे का?

आणि हा धागा आम्ही ओढून ताणून आणत नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या निवेदनाची प्रत मागितली होती. १९७२ साली मुंबईत तरुणांनी संघटना काढली तेव्हा तिला 'दलित पँथर' हे नाव 'ब्लॅक पँथर'वरून दिले. तेव्हा गुरुजींना खैरलांजी आठवली यात सिनेमाची मोडतोड नाही. त्यांचे वाचन बरोबर होते.

आता थोडे मुडद्यांबद्दल. आज ज्यांना 'झोंबी' म्हणतात त्यांचे मूळ हैतीत आहे. हैतीच्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम मरेपर्यंत राबवले जात. त्या लोकांच्या समजुतीतला झोंबी कुणाला खात नाही, चावत नाही. तो मेल्यावरही मालकासाठी राबतो. गुलामाला मरणाची भीती नव्हती, कारण मरण म्हणजे निदान सुटका. मेल्यावरही सुटका होणार नाही, ही त्याची भीती होती. १८०४ साली हैतीच्या गुलामांनी मालकांना हाकलून स्वतःचे राष्ट्र उभे केले. पुढे १९१५ ते १९३४ अमेरिकी सैन्याने तो देश ताब्यात ठेवला आणि त्याच काळात झोंबीच्या गोष्टी अमेरिकेत पोचल्या. १९३२ साली 'व्हाइट झोंबी' हा सिनेमा आला. त्यात भीती बदलली होती. आता भीती अशी की गोरी बाई झोंबी झाली तर? आणि रोमेरोंनंतर तर झोंबी म्हणजे घरावर चालून येणारी, आपल्याला खाऊन टाकणारी गर्दी. म्हणजे बघा, राबणाऱ्याच्या भीतीची गोष्ट चालत चालत घरमालकाच्या भीतीची गोष्ट झाली. रोमेरोंच्या सिनेमात झोंबी हा शब्द एकदाही येत नाही, हे खरे. पण कुठलाही भयपट पाहताना हा प्रश्न विचारायला शिका, की ही भीती कुणाची आहे? दाराच्या आतल्याची की बाहेरच्याची? बेनची गोष्ट वेगळी का वाटते ते मग कळते. त्याला दोन्ही भीती आहेत. रात्री दाराबाहेर मुडदे आणि सकाळी दाराबाहेर माणसे. मुडद्यांपासून तो वाचतो.

आपल्याकडे हे घडलेलेच नाही असे कुणी समजू नये. २०१६ साली 'सैराट' लागला तेव्हाची थिएटरे आठवा. 'झिंगाट' लागले की पोरे खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचायची, पैसे उडवायची. तीच पोरे शेवटी कशी झाली होती? आवाज बंद झालेला पडदा आणि लेकराची रक्ताने भरलेली पावले. आम्ही तो सिनेमा थिएटरात तीन वेळा पाहिला आणि तिन्ही वेळा बाहेर पडणारी गर्दी जिन्यावरून मान खाली घालून उतरत होती. शिकागोच्या त्या थिएटरातली शांतता आणि ही शांतता एकाच जातीची आहे. पुढे २०१७ साली जॉर्डन पील यांचा 'गेट आउट' आला. त्यात शेवटी काळा नायक जीव वाचवून रस्त्यावर उभा आहे आणि समोरून पोलिसांच्या गाडीसारखे तांबडे-निळे दिवे येतात. प्रेक्षक तिथेच श्वास रोखतो. एरवीच्या सिनेमात पोलीस आले की सुटका झाली म्हणून टाळ्या पडतात, इथे पोलीस आले म्हणून पोटात गोळा येतो. पडद्यावर फक्त दिवे आहेत. भीती प्रेक्षकाने घरून आणलेली आहे. बेनच्या खिडकीची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

म्हणून काका, आमचे म्हणणे एवढेच आहे. हा सिनेमा घाणेरडा असेल तर त्यातल्या आतड्यांमुळे नाही. ती तर खाटकाच्या दुकानातून आणलेली होती. त्यातली खरी घाण शेवटच्या पाच मिनिटांत आहे आणि ती सिनेमाने तयार केलेली नाही, जगातून उचलून समोर ठेवली आहे. बाबासाहेबांच्या फोटोखाली ती पाहायला लाज कसली? त्या फोटोखालीच ती पाहायला हवी.

आता तुमचा दुसरा आक्षेप. लेकरे पुढे बसली होती. चादर खाली बांधली होती, मोठ्यांच्या डोक्याआडून दिसत नव्हते, म्हणून आम्हीच त्यांना पुढे सरकवले. सहा-सात वर्षांची चार-पाच पोरे होती. घरात कोंडून ठेवण्यापेक्षा इथे बरी, असे त्यांच्या आयांना वाटले आणि आम्हालाही. सिनेमात एक आजारी मुलगी मुडदा होऊन उठते आणि स्वतःच्या आईला मारते. तो प्रसंग आला तेव्हा आम्ही मागे उभे राहून मोठ्यांचे चेहरे वाचण्यात गुंग होतो. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेवर लेख लिहायचा विचार डोक्यात होता ना! पुढच्या रांगेतली एक पोर उठून भिंतीकडे तोंड करून बसली होती, हे आमच्या लक्षातच आले नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या आईने सांगितले की पोर रात्रभर आईला झोपू देईना, सारखी तिच्या तोंडाला हात लावून बघत होती.

ईबर्ट यांचा लेख आम्ही त्यानंतर वाचला. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या ज्या मोठ्यांवर त्यांनी राग काढला होता, त्यांनी जे केले तेच आम्ही केले होते. पोरांची मजा समजून त्यांना आणून सोडले आणि आपल्या कामात दंग झालो. फरक इतकाच की ते आईबाप निदान थिएटरात हजर नव्हते. आम्ही खोलीतच होतो.

त्या पोरीच्या घरी आम्ही जाऊन आलो. तिच्या आईची माफी मागितली. पोरीला प्रोजेक्टर दाखवला, चादरीवर हाताच्या सावल्या करून दाखवल्या. ती हसली नाही, पण तिने स्वतःही एक सावली केली. यापुढे रात्री आठनंतर मोठ्यांचे सिनेमे, लेकरे नकोत, आणि लेकरांसाठी रविवारी सकाळी वेगळा खेळ, असे आम्ही ठरवले आहे. नर्सिंगवाली कार्यकर्ती दारावर बसणार आहे. ती कुणाला आत सोडणार नाही, आम्ही तिला ओळखतो.

पण सिनेमे दाखवणे आम्ही थांबवणार नाही. सेन्सॉरशिप हा उपाय नाही, हे ईबर्ट यांना त्या रडणाऱ्या मुलीकडे पाहूनही पटलेले होते आणि आम्हालाही पटलेले आहे. आपल्या वस्तीने काय पाहायचे आणि काय नाही, हे आजवर दुसऱ्यांनी ठरवले. आता आपणच आपल्या लोकांना 'हे तुमच्यासाठी नाही' म्हणायला लागलो तर फरक तो काय राहिला? जबाबदारीने दाखवायचे, नंतर बसून बोलायचे आणि चुकले तर कबूल करायचे, एवढे आपल्या हातात आहे.

काका, पुढच्या महिन्यात 'गेट आउट' मिळवायचा प्रयत्न चालू आहे. तुम्ही त्या शनिवारी आला नव्हता, ऐकीव माहितीवर रागावलात. या वेळी या. खुर्ची तुमच्यासाठी मागे, दाराजवळ ठेवू. नाही आवडले तर मध्येच उठून जा, आम्हाला वाईट वाटणार नाही. पण शेवट पाहा आणि खोली गप्प झाली तर ती का गप्प झाली, ते तुम्हीच आम्हाला सांगा.